जुन्या रेसलमेनिया नव्याने पाहताना: १९८३ ते १९८७ मधील चार कार्यक्रमांचे परीक्षण

केबल टीव्ही आमच्या गल्लीत पोहोचला तेव्हा डब्ल्यूडब्ल्यूएफ ही व्यावसायिक कुस्ती भरवणारी अमेरिकन संस्था ऐन भरात होती. अंडरटेकर, ब्रेट हार्ट आणि योकोझुना आम्हा शाळकरी मुलांना पाठ होते, आणि उंची, वजन, छाती व दंडाची मापे छापलेल्या पत्त्यांवर आमच्या मधल्या सुट्ट्या खर्ची पडत असत. मात्र हा सारा डोलारा ज्या कार्यक्रमांवर उभा राहिला, ते कार्यक्रम आमच्यापर्यंत कधी आलेच नाहीत. हल्क होगन आम्हाला भेटला तो दंतकथा होऊनच. आता हे जुने कार्यक्रम डीव्हीडीच्या संचांत आणि वर्गणीच्या ऑनलाइन सेवांवर निवांतपणे पाहता येतात. गेल्या काही आठवड्यांत मी त्यांपैकी चार काळाच्या क्रमाने पाहिले: १९८३ चे स्टारकेड आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या १९८५, १९८६ व १९८७ च्या पहिल्या तीन रेसलमेनिया. त्यांतील दोन आवर्जून पाहावेत असे आहेत, एक मनोरंजनापेक्षा अभ्यासाच्या कामाचा आहे आणि एक टाळला तरी चालेल.

पाहायला बसण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी माहीत असावी लागते, नाहीतर या कार्यक्रमांत नवे काय होते तेच उमगत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्ती दूरचित्रवाणीवर जवळजवळ पहिल्या दिवसापासून होती. ड्यूमाँट वाहिनी १९४९ पासून १९५५ पर्यंत शिकागोच्या मॅरिगोल्ड सभागृहातील कुस्त्या देशभर दाखवत असे, कारण प्रखर दिव्यांखाली एका लहानशा चौकोनात दोन माणसांमध्ये चालणारा हा खेळ त्या काळच्या अवजड कॅमेऱ्यांना सहज टिपता येई. कुरळ्या सोनेरी केसांचा, झुळझुळीत झगा घालून आणि अत्तर शिंपडत अवतरणारा गॉर्जियस जॉर्ज त्याच सुमारास घराघरांत पोहोचला. त्याच काळातला नावाजलेला विश्वविजेता लू थेझ आपल्याकडच्या जुन्या शौकिनांना वेगळ्या कारणाने आठवेल. १९६८ मध्ये त्याला मुंबईत दारासिंग यांनी हरवले होते.

पुढे मात्र हा धंदा इलाख्या-इलाख्यांत वाटला गेला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सच्या छत्राखाली प्रत्येक संयोजकाचा आपापला प्रदेश ठरलेला असे आणि दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही, असा अलिखित करार असे. स्थानिक वाहिनीवर आठवड्यातून एकदा तासभर कुस्ती दिसे, पण ती जवळपास जाहिरातच होती: नामवंत मल्लाने एखाद्या अनोळखी गड्याला दोन-तीन मिनिटांत लोळवायचे, मग कॅमेऱ्यासमोर येऊन पुढच्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याला दमदाटी करायची आणि प्रेक्षकाने ती लढत बघायला तिकीट काढून सभागृहात यायचे. तोडीची जोड पडद्यावर फुकट दाखवायची नाही, हे या व्यवहाराचे मूळ सूत्र होते. मी पाहिलेल्या चारही कार्यक्रमांनी ते सूत्र उलटे केले. मोठी कुस्ती पडद्यावरच दाखवायची, मात्र त्या पडद्यासाठी पैसे घ्यायचे.

हे पाऊल रेसलमेनियाने पहिल्यांदा टाकले अशी समजूत सर्वत्र आढळते आणि डब्ल्यूडब्ल्यूएफनेही ती खोडून काढण्याची तसदी घेतलेली नाही. प्रत्यक्षात २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाच्या रात्री, नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे जिम क्रॉकेट यांच्या कंपनीने स्टारकेड भरवले आणि दक्षिणेकडील अनेक शहरांतील सभागृहांत ते क्लोज्ड सर्किटने, म्हणजे तिकीट काढून मोठ्या पडद्यावर, दाखवले. चारही कार्यक्रमांत निव्वळ कुस्तीच्या कसोटीवर मी स्टारकेडला सर्वांत वरचे स्थान देईन. शेवटच्या लढतीत हार्ली रेस हा तेव्हाचा विश्वविजेता आणि रिक फ्लेअर हा आव्हानवीर लोखंडी जाळीच्या पिंजऱ्यात समोरासमोर येतात. गाजलेले माजी विजेते जीन किनिस्की पंच असतात. रेसची कुस्ती संथ, जड आणि निर्दय आहे. तो घाई करत नाही. फ्लेअरची मान धरतो, डोके जाळीवर घासतो, मग पुन्हा मान धरतो. आजच्या वेगाला सरावलेल्या डोळ्यांना पहिली दहा मिनिटे कंटाळवाणी वाटतील, पण पुढच्या टप्प्यात रक्तबंबाळ झालेला फ्लेअर उलट हल्ला चढवतो तेव्हा तो संथपणा कशासाठी होता हे कळते.

त्याहूनही अस्वस्थ करणारी लढत रॉडी पायपर आणि ग्रेग व्हॅलेंटाइन यांची. दोघांच्या गळ्यात कुत्र्याला बांधतात तसे चामडी पट्टे असून ते एका साखळीने जोडलेले आहेत, आणि सुमारे सोळा मिनिटे ते ती साखळी एकमेकांवर चालवत राहतात. पायपरचा डावा कान त्या रात्री खरोखर दुखावला आणि त्या कानाने पुढे त्याला नीट ऐकू येईनासे झाले. एवढे माहीत असल्यावर ती लढत निव्वळ करमणूक म्हणून पाहणे मला तरी जमले नाही.

एवढी कसदार कुस्ती असूनही स्टारकेड हे प्रक्षेपण म्हणून कच्चे आहे. प्रकाश अपुरा आहे, पिंजऱ्याची जाळी कॅमेऱ्याच्या वारंवार आड येते, आणि दोन लढतींच्या मध्ये कपडे बदलण्याच्या खोलीतून घेतलेल्या मुलाखती इतक्या लांबतात की कार्यक्रमाची लय मोडते. गॉर्डन सोली आणि बॉब कॉडल यांचे समालोचन गंभीर, मोजके आणि जाणत्यांसाठी आहे. कुस्ती कधीच न पाहिलेल्या माणसाला आत ओढून घेण्याची त्यांना गरज वाटत नाही. ज्याला हे मल्ल आधीपासून माहीत आहेत त्याच्यासाठीच हा कार्यक्रम बांधलेला आहे, आणि ही गोष्ट पुढे महागात पडली.

याच्या पाठोपाठ पहिली रेसलमेनिया लावली की एक गंमत लक्षात येते. ग्रीन्सबरोच्या रात्री झुंजलेले पायपर, व्हॅलेंटाइन, रिकी स्टीमबोट आणि बॉब ऑर्टन हे चौघे सोळा महिन्यांनी, ३१ मार्च १९८५ रोजी, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुसऱ्याच कंपनीच्या, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, कार्यक्रमात दिसतात. व्हिन्स मॅकमॅन यांनी १९८२ मध्ये वडिलांकडून ही कंपनी विकत घेतली आणि नंतर इलाख्यांच्या हद्दी झुगारून देशभरातले मल्ल गोळा करायला सुरुवात केली. साखळीने एकमेकांना फोडून काढणारे तेच दोघे इथे दोन वेगळ्या लढतींत आहेत, पण त्यांना तशी कुस्ती करायला कोणी सांगितलेले नाही. कुस्ती इथे थोडी आहे. स्टीमबोटसारख्या मल्लाला पाचेक मिनिटांत उरकून टाकले आहे, किंग काँग बंडी एस. डी. जोन्सला अर्ध्या मिनिटाच्या आत चितपट करतो आणि ध्वनिक्षेपकावरून मात्र ती वेळ नऊ सेकंद म्हणून जाहीर होते. माझ्या घड्याळात ती वीस सेकंदांच्या पुढे गेली. एकूण नऊ लढतींपैकी निव्वळ कुस्तीसाठी पुन्हा पाहावीशी वाटावी अशी एकही नाही, हे मी स्पष्टच लिहितो.

तरीही हाच कार्यक्रम मी दोनदा पाहिला. कारण इथे प्रत्येक गोष्ट अनोळखी प्रेक्षकाचा विचार करून मांडलेली आहे. शेवटच्या लढतीत होगनच्या जोडीला मिस्टर टी हा त्या काळी दूरचित्रवाणी मालिकेमुळे घराघरांत ओळखीचा झालेला नट आहे; समोर पायपर आणि पॉल ऑर्नडॉर्फ आहेत; रिंगबाहेर जादा पंच म्हणून साक्षात मुहम्मद अली उभे आहेत; वेळ नोंदवायला पियानोवादक लिबराची आले आहेत आणि मल्लांची नावे पुकारायला बेसबॉलचे व्यवस्थापक बिली मार्टिन. कुस्तीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसालाही यांतला एखादा तरी चेहरा माहीत असणारच. ही तयारी एका रात्रीत झालेली नव्हती. जुलै १९८४ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९८५ मध्ये एमटीव्ही या संगीतवाहिनीवर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील एकेक कुस्ती थेट दाखवली गेली, गायिका सिंडी लॉपर त्या कथानकात उतरली आणि दुसऱ्या प्रसंगी होगनच्या मदतीला मिस्टर टी प्रेक्षकांतून उठून रिंगमध्ये आला. रेसलमेनिया हा त्या गोष्टीचा पुढचा भाग आहे. शक्य असल्यास फेब्रुवारीतली ती लढत आधी पाहावी. शेवटच्या लढतीतील वैर त्याशिवाय अधांतरी वाटते.

दुसरे बलस्थान समालोचनाचे. गोरिला मॉन्सून सज्जनांच्या बाजूने, जेसी व्हेंचुरा दुर्जनांच्या बाजूने, आणि व्हेंचुरा ती बाजू इतक्या वकिली थाटात मांडतो की क्षणभर त्याचेच खरे वाटावे. नियम मोडणाऱ्या मल्लाने नियम का मोडला याचे तर्कशुद्ध कारण तो हजर ठेवतो. हाच गृहस्थ पुढे १९९९ मध्ये मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर झाला, याचे हे समालोचन ऐकल्यावर फारसे नवल वाटत नाही. स्टारकेडच्या निवेदकांना न जमलेले काम हे दोघे लीलया करतात. नवख्या प्रेक्षकाला काय पाहायचे, कोणावर चिडायचे आणि कधी हसायचे हे ते सांगत राहतात.

आंद्रे द जायंट आणि बिग जॉन स्टड यांची लढत कुस्ती म्हणून अगदी सामान्य आहे, पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. आंद्रेने स्टडला उचलून आपटले तर त्याला पंधरा हजार डॉलर, नाहीतर त्याने निवृत्त व्हायचे, अशी पैज. आंद्रे स्टडला उचलतो, आपटतो, नोटांची थैली हाती घेतो आणि नोटा प्रेक्षकांत उधळू लागतो. एवढ्यात स्टडचा व्यवस्थापक बॉबी हीनन थैली हिसकावून पळ काढतो. सहा मिनिटांत शर्त, विजय, उदारपणा आणि लबाडी, सगळे काही शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळेल अशा रीतीने. याउलट वेंडी रिक्टर हिची लढत पाहताना मन थोडे खट्टू होते. लॉपरच्या साथीने तिने त्या रात्री लेलानी काई हिच्याकडून किताब परत मिळवला, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिला पूर्वकल्पना न देता बुरख्याआडच्या प्रतिस्पर्ध्याकडून तो काढून घेण्यात आला आणि ती कंपनी सोडून गेली. स्त्रियांच्या कुस्तीला या पडद्यावर मानाने उभे राहायला त्यानंतर फार वर्षे लागली.

गार्डनमध्ये १९,१२१ प्रेक्षक होते, तर संस्थेच्या सांगण्यानुसार क्लोज्ड सर्किटने दहा लाखांहून अधिक लोकांनी कार्यक्रम पाहिला. तंत्र मात्र भरवशाचे नव्हते. पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनात प्रक्षेपण मध्येच बंद पडले आणि तिकीट काढून आलेल्या लोकांनी हाताला येईल ते पडद्याकडे भिरकावले. आजच्या प्रतीत अर्थातच याचा मागमूस नाही.

दुसऱ्या रेसलमेनियाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ती तेवढ्याच योग्यतेची आहे. ७ एप्रिल १९८६ रोजी, सोमवारी, हा एकच कार्यक्रम न्यूयॉर्कजवळ, शिकागोजवळ आणि लॉस एंजेलिसमध्ये तीन ठिकाणी वाटून भरवला गेला. म्हणजे प्रत्येक सभागृहातल्या प्रेक्षकाने डोळ्यांसमोर एक तृतीयांश कार्यक्रम पाहिला आणि उरलेला दोन तृतीयांश तिथल्याच पडद्यावर. घरी बसलेल्या माणसाला तरी सलग काही मिळावे, तर तेही नाही. प्रत्येक तासाला जागा, निवेदक आणि वातावरण बदलते, आणि मॉन्सून-व्हेंचुरा ही हुकमी जोडी दोन वेगळ्या शहरांत पांगवलेली आहे. त्यांच्या बाजूला बसवलेल्या नामवंत पाहुण्यांना कुस्तीतले काही कळत नाही आणि ते लपवताही येत नाही. पायपर आणि मिस्टर टी यांची मुष्टियुद्धाची लढत तर दोघांनाही नकोशी झाल्यासारखी रेंगाळते. शिकागोमधील वीस जणांची झुंज, जिच्यात त्या वर्षी अमेरिकन फुटबॉलचा सुपर बोल हा अंतिम सामना जिंकलेल्या शिकागो बेअर्स संघाचा धिप्पाड विल्यम पेरीही होता, आणि ब्रिटिश बुलडॉग्जनी जोडीचा किताब जिंकलेली लढत, एवढेच पाहावे. होगन आणि बंडी यांच्या पिंजऱ्यातील लढतीसाठी मी रात्री जागलो याची मला अजून हळहळ आहे.

इथे एका नेहमीच्या शंकेचा उल्लेख करतो. हे सगळे ठरवून केलेले असते, मग पाहायचे कशाला, असे आपल्याकडे हमखास विचारले जाते. आपल्या मैदानात ‘नुरा कुस्ती’ ही शिवी आहे आणि ती योग्यच आहे, कारण तिथे प्रेक्षक निकाली कुस्तीसाठी आलेला असतो. इथला करार वेगळा आहे. १९८९ मध्ये मॅकमॅन यांच्या कंपनीने न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला व्यवसाय म्हणजे करमणूक असल्याचे स्वतःहून मांडले, आणि त्यामागचा हेतू तितकाच व्यावहारिक होता: क्रीडा नियामक मंडळाचे निर्बंध आणि शुल्क टळावे. या चार कार्यक्रमांच्या वेळी मात्र असे उघड बोलण्याची पद्धत नव्हती. त्यामुळे निवेदक, पंच आणि मल्ल सगळेच ही खरी स्पर्धा असल्याच्या गांभीर्याने वागतात आणि आजच्या डोळसपणे खेळकर कार्यक्रमांपेक्षा त्यांत अधिक जीव वाटतो, असे माझे मत आहे.

तिसरी रेसलमेनिया २९ मार्च १९८७ रोजी मिशिगनमधील पाँटिॲक सिल्व्हरडोम या अवाढव्य स्टेडियममध्ये झाली. उपस्थिती ९३,१७३ जाहीर झाली. काही अभ्यासक ती सुमारे ७८,००० मानतात. आकडा कोणताही धरला तरी कॅमेरा पहिल्यांदा वर उचलला जातो आणि दूरवर माणसेच माणसे दिसू लागतात तेव्हा आजही श्वास रोखला जातो. स्टेडियमच्या छतातून प्रकाश झिरपत असे. कार्यक्रम दुपारी सुरू झाल्यामुळे पहिल्या लढती फिकट उजेडात होतात, मग हळूहळू अंधार दाटतो आणि शेवटच्या लढतीपर्यंत रिंग तेवढी झगमगत उरते. ही प्रकाशयोजना कोणी केलेली नव्हती, पण कोणत्याही दिग्दर्शकाने हेवा करावा अशी ती आहे. रिंगपर्यंतचे अंतर इतके मोठे की मल्लांना रिंगच्याच आकाराच्या छोट्या गाड्यांवर उभे करून नेले आहे. पहिल्या रेसलमेनियातील अरुंद वाटेशी याची तुलना केली की दोन वर्षांत हे लोक काय शिकले ते दिसते.

रँडी सॅव्हेज आणि रिकी स्टीमबोट यांची लढत जेमतेम पंधरा मिनिटांची आहे, आणि तेवढ्या अवधीत एक क्षणही वाया गेलेला नाही. सॅव्हेज प्रत्येक डाव आधी लिहून काढत असे आणि त्याची उजळणी करत असे, ही गोष्ट आता सर्वज्ञात आहे. अनेक मल्लांना ही पद्धत कृत्रिम वाटे, कारण कुस्ती रिंगमध्ये प्रेक्षकांचा अंदाज घेत रचायची असते असे ते मानत. या लढतीपुरता तरी सॅव्हेज बरोबर ठरतो. डावाला प्रतिडाव, त्यावर आणखी एक, आणि चितपट ठरवणारे तीन आकडे पुरे होण्याआधीच पंच दोनपर्यंत मोजून थांबतो असे प्रसंग इतक्या वेळा येतात की प्रत्येक वेळी प्रेक्षक उठतात आणि पुन्हा बसतात. ज्या स्टीमबोटला दोन वर्षांपूर्वी पाच मिनिटांत गुंडाळले होते, त्याच्या हाती इथे कार्यक्रमाची सर्वांत मौल्यवान पंधरा मिनिटे सोपवली आहेत. ग्रीन्सबरोची कुस्ती आणि न्यूयॉर्कची मांडणी एकाच जागी भेटली ती या लढतीत.

होगन आणि आंद्रे यांच्या शेवटच्या लढतीला वेगळा मापदंड लावावा लागतो. आंद्रे त्या वेळी पाठीच्या दुखण्याने बेजार होता आणि त्याला धड वाकताही येत नव्हते, हे पहिल्या मिनिटात कळते. संस्थेने तो पंधरा वर्षे अजिंक्य असल्याचा आणि त्याला कोणी उचललेच नसल्याचा डांगोरा पिटला होता. हा धडधडीत खोटेपणा होता. खुद्द होगननेच त्याला १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये उचलून आपटले होते. पण त्या काळच्या प्रेक्षकाकडे तपासायला साधन नव्हते आणि इलाख्यांच्या व्यवस्थेत एका शहरातली कुस्ती दुसऱ्या शहराला माहीतही नसे. लढत सुरू होताच होगन आंद्रेला उचलायला जातो, कोसळतो, आणि पंचाची मोजणी जेमतेम तीनच्या आत थांबते. त्या एका चुकीची किंमत होगन पुढे दहा मिनिटे मोजतो. शेवटी तो आंद्रेला उचलतो तेव्हा डाव साधा असतो, पण सहा वर्षांच्या मुलालाही समजावा इतका सोपा प्रश्न तोवर उभा केलेला असतो: हा डोंगर उचलला जाणार की नाही? तांत्रिक दृष्ट्या दुबळी असूनही ही लढत मला आवडली, याचे श्रेय मी होगनपेक्षा आंद्रेला देईन. चालतानाही वेदना होणाऱ्या त्या माणसाने स्वतःला उचलू दिले.

आता प्रतीबद्दल. चित्र जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकारातच आहे आणि ते तसेच असू द्यावे. ताणून रुंद करून पाहिल्यास बंडी आणखी रुंद दिसतो, एवढेच. पहिल्या रेसलमेनियाच्या प्रक्षेपणात मल्लांच्या प्रवेशाला वाजलेली काही लोकप्रिय गाणी नंतरच्या आवृत्त्यांत संस्थेच्या मालकीच्या संगीताने बदलली आहेत. कारण समजण्यासारखे असले तरी हा बदल खटकतो, कारण रॉक संगीत आणि कुस्ती यांचा मेळ हाच तर त्या कार्यक्रमाचा गाभा होता, आणि नेमका तोच पुसला गेला आहे. विकत घेताना किंवा वर्गणी भरताना आवृत्ती कोणती आहे हे आधी पाहावे.

स्टारकेडचे पुढे काय झाले, हेही थोडे सांगतो. १९८७ च्या थँक्सगिव्हिंगला क्रॉकेट यांनी स्टारकेड पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे घरच्या केबलवर त्या एका कार्यक्रमाचे पैसे भरून पाहता येईल असे, आणायचे ठरवले, तेव्हा मॅकमॅन यांनी त्याच दिवशी सर्व्हायव्हर सिरीज नावाचा नवा कार्यक्रम उभा केला आणि केबलचालकांना बजावले की स्टारकेड दाखवणाऱ्यांना पुढची रेसलमेनिया मिळणार नाही. मोजके चालक वगळता सगळे मॅकमॅन यांच्याकडे गेले. वर्षभरात क्रॉकेट यांची कंपनी टीव्ही वाहिन्यांचे मालक टेड टर्नर यांना विकली गेली. त्यामुळेच आज १९८३ च्या त्या रात्रीबद्दल इतके थोडे बोलले जाते.

ज्याच्याकडे एकच संध्याकाळ आहे त्याने पायपर आणि व्हॅलेंटाइन यांची साखळीची लढत, पहिल्या रेसलमेनियातील आंद्रे आणि स्टड, आणि सिल्व्हरडोममधील सॅव्हेज व स्टीमबोट या तीन लढती याच क्रमाने पाहाव्यात. सगळे मिळून पाऊण तासही लागत नाही. वेळ उरलाच तर सिल्व्हरडोमचा कार्यक्रम अगदी पहिल्या लढतीपासून लावावा आणि छतातून येणारा उजेड कमी होत जाताना पाहावा.